तांदूळ आधी जाईल, ज्वारी नंतर: विश्वात जाणीव किती काळ टिकू शकते?

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल नावाचा काळा कातळ सरळ उभा आहे. उंची साधारण २०० फूट. पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं देऊळ लागतं. मागच्या रविवारी भाचीला घेऊन तिथे गेले होते. दगडाचे उभे खांब एकमेकांना चिकटून असे उभे आहेत, की पेटीत उभ्या भरलेल्या मेणबत्त्याच वाटाव्यात. ऊन उतरलं होतं, तरी दगड हाताला गरम लागत होता. तिने दोन खांबांमधल्या फटीत बोट घातलं आणि विचारलं, "हे कुणी तासलं?"

कुणीच नाही. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात आणि असे कोन असलेले खांब तयार होतात. हा दगड सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनचं पठार ज्या ज्वालामुखींनी घडवलं त्यांच्याच काळातला. त्याच सुमाराला डायनोसॉर संपले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर येऊन आदळलेल्या लघुग्रहाने मुख्य घाव घातला. आपल्या ज्वालामुखींनी त्याला किती हातभार लावला, यावर भूशास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. मी हे सगळं सांगत होते, तेवढ्यात ती मध्येच म्हणाली, "मावशी, मग पुढचा नंबर आपला?"

घरी येताना रिक्षात जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. बारावीच्या मुलीला पुरेल असं उत्तर द्यायचं, तर प्रश्न जरा रुंद करावा लागतो. फक्त माणूसजात टिकेल का, एवढंच विचारायचं नाही. या विश्वात कुणीतरी जागं आहे, कुणालातरी दुखतं, कुणालातरी आनंद होतो, कुणीतरी मान वर करून "हे काय आहे?" असं विचारतं. हे किती काळ चालू राहू शकेल? माणसाच्या रूपात असो, दुसऱ्या कुठल्या जिवाच्या, किंवा आज आपल्याला सुचतही नाही अशा एखाद्या रूपात. जाणीव म्हणजे नेमकं काय, यावर तत्त्वज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ खुशाल भांडोत. ती टिकायला काय लागतं, हे मात्र भौतिकशास्त्राला बऱ्यापैकी सांगता येतं.

सुरुवात घराजवळून करू, म्हणजे सूर्यापासून.

सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. पाचशे कोटी वर्षांनी तो फुगून लाल राक्षसी तारा होईल, हे शाळेत शिकवलेलं असतं, आणि त्यामुळे आपल्याकडे पाचशे कोटी वर्षं आहेत असा समज होतो. तो चुकीचा आहे. सूर्य हळूहळू प्रखर होत चालला आहे, दर १०० कोटी वर्षांत साधारण १० टक्क्यांनी. पृथ्वीवरच्या जिवांसाठी खरी मुदत त्याने ठरते. सुमारे १०० कोटी वर्षांनी समुद्राची वाफ वातावरणात एवढी साठेल की पृथ्वी उकडून निघेल आणि हळूहळू पाणी गमावून बसेल.

त्याच्याही आधी एक गोष्ट घडते, आणि ती मला उकाड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते, कारण तिचा संबंध थेट आपल्या दगडांशी आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ते किंचित आंबट पाणी बेसॉल्टवर, म्हणजे गिल्बर्ट हिलसारख्या काळ्या दगडावर पडतं आणि त्याला झिजवतं. कोकणातला लाल जांभा अशाच झिजेतून तयार झाला आहे. या झिजेत हवेतला कार्बन क्षारांच्या रूपाने नदीत आणि नदीतून समुद्रात जातो. तिथे त्याचा चुनखडक होतो. पुढे ज्वालामुखी तो कार्बन पुन्हा हवेत सोडतात. हा फेरा कोट्यवधी वर्षांचा आहे, आणि पृथ्वीचं तापमान त्यानेच आवरून धरलं आहे. हवा तापली की झीज वाढते, कार्बन कमी होतो आणि पृथ्वी निवते. पण सूर्य प्रखर होत राहिला, तर हाच फेरा कार्बन ओढून घेत घेत शेवटी झाडांच्या तोंडचा घास काढून घेईल.

आज हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ४२० हून जास्त भाग आहेत. ते १५० च्या आसपास आले की भात, गहू, आंबा, नारळ या जातीच्या वनस्पतींना अन्न बनवणं जमत नाही. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची अन्न बनवण्याची रीत वेगळी आहे. त्यांना दहाएक भागही पुरतात. म्हणजे तांदूळ आधी जाईल, ज्वारी नंतर. जुन्या गणितांप्रमाणे हा दुष्काळ ६० ते ९० कोटी वर्षांवर आहे. अलीकडच्या काही गणितांनी मुदत बरीच वाढवून दिली आहे. (यावरून आज धूर सोडायला हरकत नाही, असं कुणी समजू नये. हा हिशेब कोट्यवधी वर्षांचा आहे, आणि आपण जो कार्बन ओततो आहोत तो शे-दोनशे वर्षांत. आपल्या समुद्रकिनाऱ्याच्या शहराला त्याचा जाच याच शतकात आहे.)

१०० कोटी वर्षं म्हणजे किती, हे नुसतं ऐकून कळत नाही. भाचीला मी लोकलच्या हिशेबाने सांगितलं. चर्चगेट ते विरार हे अंतर साधारण ६० किलोमीटर. ते अंतर म्हणजे पृथ्वीवर उरलेली १०० कोटी वर्षं असं धर. मग माणूस नावाची आपली जात, जिचं वय सुमारे तीन लाख वर्षं, किती लांबीची? १८ मीटर. लोकलचा एक डबासुद्धा नाही. लिहिता येऊ लागल्यापासूनचा पाच हजार वर्षांचा इतिहास ३० सेंटिमीटर, म्हणजे दप्तरातली फूटपट्टी. त्या पट्टीवर शेवटचे पाच मिलिमीटर म्हणजे १९४५ पासूनचा काळ.

१९४५ मुद्दाम घेतलं. त्या वर्षी पहिला अणुबॉम्ब फुटला. सगळ्या जातीला स्वतःच्या हाताने मोठी इजा करता येईल, अशी ताकद माणसाच्या हातात प्रथमच आली.

"पुढचा नंबर आपला?" याचं खरं उत्तर इथे आहे. निसर्गाकडून येणारी संकटं तपासायला आपल्याकडे तीन लाख वर्षांचा दाखला आहे. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी गावात आजही सापडते. चमचमणारी, बारीक राख, एवढ्या लांबून आलेली. टोबाचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, आणि माणूस त्यातूनही वाचला. लघुग्रहांचं म्हणाल, तर २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फोस नावाच्या छोट्या खगोलाला मुद्दाम धडक दिली. त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला. डायनोसॉरना जे जमलं नाही ते आपल्याला जमू लागलं आहे. निसर्गाकडून येणारा धोका दर शतकाला फार मोठा असता, तर आपण तीन हजार शतकं टिकलोच नसतो.

आपण स्वतः तयार केलेल्या धोक्यांना असा दाखला नाही. अण्वस्त्रं पाच मिलिमीटर जुनी. प्रयोगशाळेत रोगजंतू बदलण्याची विद्या त्याहून नवी. आणि स्वतःहून निर्णय घेणारी शक्तिशाली कृत्रिम बुद्धिमत्ता तर आत्ता दारात उभी आहे. डबा सुटला तर पुढे ६० किलोमीटर रूळ मोकळे आहेत. घात होण्याची भीती आहे ती या पाच-दहा मिलिमीटरमध्ये. त्यामुळे ज्याला लांबच्या भविष्याची काळजी आहे त्याने आधी जवळचं बघावं, असं माझं ठाम मत आहे. एकदा पार झालो की पुढचे प्रश्न सोडवायला भरपूर वेळ आहे.

किती भरपूर, ते बघा. २००१ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी पृथ्वीलाच सूर्यापासून थोडं थोडं लांब सरकवण्याचं गणित मांडलं. एखादा मोठा लघुग्रह दर सहा हजार वर्षांनी पृथ्वीजवळून नेमक्या वाटेने न्यायचा, की त्याच्या ओढीने आपली कक्षा किंचित रुंदावते. वेडेपणा वाटतो, पण भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम त्यात मोडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडे जायचं. सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर १ च्या वेगाने तेवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. माणसाच्या आयुष्यापुढे हे अशक्य वाटतं. आपल्या मापावर ते साडेचार मीटर आहे.

प्रॉक्झिमासारखे छोटे लालसर तारे आपलं इंधन फार जपून जाळतात. सगळ्यात लहान तारे तर दहा लाख कोटी वर्षांपर्यंत तेवत राहतील. सूर्याचं पूर्ण आयुष्य हजार कोटी वर्षांचं, आणि त्याच्या हजारपट हे. आकाशगंगेत सगळ्यात जास्त संख्या अशाच ताऱ्यांची आहे.

तेही विझतात. सूर्यासारखे तारे विझल्यावर मागे राहतो तो श्वेतबटू, म्हणजे ताऱ्याचा दाबून पृथ्वीएवढा झालेला गाभा. त्याची गोष्ट मुंबईच्या बंदरातून सुरू होते. १९३० च्या जुलैअखेरीस सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नावाचा १९ वर्षांचा मुलगा इंग्लंडला शिकायला मुंबईहून बोटीत बसला. त्या प्रवासात त्याने गणित मांडलं की श्वेतबटूचं वजन एका मर्यादेपलीकडे गेलं तर तो स्वतःचा भार पेलू शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या मर्यादेच्या आतले श्वेतबटू कोसळत नाहीत, फक्त निवत जातात. एकावर १४ शून्ये इतक्या वर्षांनी नवे तारे जन्मायचे जवळपास थांबतील. तेव्हा विश्वात निवलेले श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरं एवढंच उरेल. आपल्या परंपरेतल्या अंकांच्या नावांत परार्ध शेवटचा, एकावर १७ शून्ये. इथून पुढे त्या नावांचाही साठा लवकरच संपतो.

आता गोष्टीचा अवघड भाग येतो, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदरही.

ऊर्जा नष्ट होत नाही, असं आपण शिकतो. मग जाणिवेला संपायचं काय कारण? कुठल्याही सोसायटीची पाण्याची व्यवस्था आठवा. खालच्या टाकीतलं पाणी पंप गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि तिथून ते प्रत्येक नळाला उतरतं. पाणी भरपूर आहे, पण गच्चीवरची टाकी रिकामी आणि सगळं पाणी तळाच्या टाकीत, अशी अवस्था झाली तर नळ कोरडा. कामाला येतो तो उतार. ऊर्जेचंही तसंच. सूर्याकडून पृथ्वीला जेवढी ऊर्जा मिळते, जवळजवळ तेवढीच ती उष्णतेच्या रूपात अवकाशात परत सोडते. शिल्लक काहीच राहत नाही. पण सूर्याकडून प्रकाशाचा एक कण येतो तेव्हा पृथ्वी त्याच्या बदल्यात कमी ऊर्जेचे वीसेक कण सोडते. नोट मोडून चिल्लर होते, आणि या मोडण्यात झाडं वाढतात, रक्त वाहतं, विचार सुचतात. विश्वातली सगळी नोट चिल्लर झाली, सगळीकडे सारखंच तापमान झालं, की उतार संपला.

विचार करायलाही हा उतार लागतो. आपला मेंदू साधारण २० वॅट खातो, एका एलईडी ट्यूबलाइटइतके. १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवलं की माहितीचा एक तुकडा, म्हणजे एक हो-नाही, पुसायला ठरावीक किमान ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकावीच लागते. नवं सुचायचं तर जुनी पाटी पुसावी लागते, आणि पुसण्याची ही किंमत तापमानावर ठरते. आजूबाजूला जितकं गार, तितका विचार स्वस्त.

भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९७९ मध्ये याच धर्तीवर एक मोठं गणित मांडलं. विश्व पसरतंय, म्हणजे ते गार होतंय. मग जिवांनीही गार व्हावं आणि संथ व्हावं. आज एका सेकंदात होणारा विचार करायला उद्या एक वर्ष घ्यावं, परवा लाख वर्षं. मध्ये मध्ये लांब झोपावं, कारण साठलेली उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो जीव दगड वाटेल. त्याला स्वतःला मात्र दिवस नेहमीसारखाच जाईल. मोजकी ऊर्जा, पण ती अशा कंजुषीने खर्च करायची की अनुभव अनंत काळ चालू राहतील. अस्वलं थंडी काढतात त्याचीच ही आवृत्ती, फक्त रात्र कधीच न संपणारी. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नव्हती. आनंदाने.

हा आनंद १९९८ मध्ये मावळला. दूरच्या स्फोटक ताऱ्यांचं निरीक्षण करणाऱ्या दोन गटांना आढळलं की विश्वाचं पसरणं मंदावत नाही, उलट वेग घेत आहे. या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. डायसनच्या हिशेबात हे नव्हतं. प्रसरण असंच वाढत गेलं तर दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली म्हणजे लांबच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, इतक्या वेगाने दूर जातील की दहा-पंधरा हजार कोटी वर्षांनी आपल्या जवळचा समूह सोडून काहीही दिसणार नाही. म्हणजे बाहेरून रसद बंद. दुसरी अडचण बारीक आहे, पण जीव घेणारी. अशा विश्वाचं तापमान शून्यापर्यंत उतरतच नाही. निरपेक्ष शून्य म्हणजे ज्याहून गार काहीच असू शकत नाही ते तापमान. त्याच्या केसभर वर, एका अंशाचे एकावर ३० शून्ये इतके भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांवर, ते अडतं. फरक नगण्य वाटेल, पण तिथे फरशी लागली. त्याहून गार होता येत नाही, म्हणजे त्याहून स्वस्तात विचार करता येत नाही. लॉरेन्स क्राउस आणि ग्लेन स्टार्कमन यांनी २००० मध्ये हिशेब मांडला की अशा विश्वात कुठल्याही जिवाच्या वाट्याला मोजकेच विचार येतील. प्रचंड, पण मोजके.

इथे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची आठवण येते. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थिती विश्वाचा पाठपुरावा केला. त्या विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, तिथे नवं द्रव्य तयार होत राहतं आणि उतार कधी संपत नाही. विश्वातून सगळीकडून येणारं २.७ केल्विनचं, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या २.७ अंश वरचं, प्रारण सापडलं आणि पुरावा महास्फोटाकडे, म्हणजे विश्वाला सुरुवात आहे असं सांगणाऱ्या सिद्धांताकडे झुकला. नारळीकर शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि मराठीत लिहिलं, म्हणून माझ्यासारखीला हे विषय आपले वाटतात.

त्याच संस्थेच्या लोकांनी आणखी लांबचा एक प्रश्न हातात घेतला होता. आपण ज्याचे बनलो आहोत ते द्रव्य तरी कायमचं आहे का? काही सिद्धांत म्हणतात की प्रोटॉनसुद्धा, म्हणजे प्रत्येक अणूच्या गाभ्यात असणारा कणसुद्धा, शेवटी फुटतो. एका प्रोटॉनकडे बघत बसून हे कळणार नाही. पण दादर स्टेशनवर संध्याकाळी उभं राहिलं, तर हजारात एकाकडे असणारी वस्तूही पाच मिनिटांत दिसते. तसंच पुष्कळ प्रोटॉन एकत्र घ्यायचे आणि कुणी फुटतोय का ते बघायचं. १९८० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांबरोबर मिळून त्यांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, लोखंडाचे थर रचून ही वाट पाहिली. काही संशयित खुणा मिळाल्या, पण त्या टिकल्या नाहीत. पुढे जपानमध्ये ५० हजार टन पाण्याच्या टाकीतही एक प्रोटॉन फुटलेला दिसला नाही. त्यावरून त्याचं सरासरी आयुष्य किमान एकावर ३४ शून्ये इतक्या वर्षांचं असावं, असं निघतं. प्रोटॉन टिकले तरी तारे विझलेले असतील. तेव्हा उताराचा शेवटचा साठा म्हणजे कृष्णविवरं. ती अतिशय हळू बाष्पीभवन होऊन जातात, हे स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवलं. सगळ्यात मोठ्यांना एकावर १०० शून्ये इतकी वर्षं लागतील.

आणि तरीही हिशेब मिटलेला नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणातून अशी लक्षणं दिसली की प्रसरणाला ढकलणारी कृष्ण ऊर्जा कदाचित कमी होत चालली आहे. हे पक्कं झालं, तर फरशीचा प्रश्न पुन्हा उघडेल आणि डायसनचा तो झोपाळू जीव पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

हे सगळं भाचीला सांगायला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटच्या दिवशी ती गॅलरीत फूटपट्टी घेऊन बसली होती. पाच मिलिमीटरवर पेन्सिलीने खूण केलेली. तिने विचारलं, "त्या शेवटच्यांना आपण माहीत असू का?"

भौतिकशास्त्र म्हणतं की आठवण जपून ठेवायला तत्त्वतः ऊर्जा लागत नाही, पुसायला लागते. पण जागा मोजकी असते. नवं सुचावं म्हणून त्यांना कधी ना कधी काहीतरी पुसावंच लागेल, आणि काय पुसायचं ते त्यांनाच ठरवावं लागेल.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग गिल्बर्ट हिल शेवटी पुसा म्हणावं."